गाणारं कोणी नाही, फक्त गिटार-बेस-ड्रम्स. लाइव्ह ऐकताना एवढं धरून का ठेवतं?

अर्धवट_तानसेन

मंडळी, प्रश्न थोडा विचित्र वाटेल. गेले काही आठवडे रात्री जेवणं उरकली की मी हेडफोन लावून द अ‍ॅरिस्टोक्रॅट्सचे लाइव्ह व्हिडिओ बघत बसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गथ्री गोवन गिटारवर, ब्रायन बेलर बेसवर, मार्को मिनेमन ड्रम्सवर, संपला बँड. गायक नाही, कीबोर्ड नाही, दुसरी गिटार नाही. परवा बायको दहा मिनिटं शेजारी बसली आणि मग शांतपणे म्हणाली, "हे गाणं सुरू कधी होणार?" मला उत्तर सुचलं नाही म्हणून इथे आलोय.

गंमत अशी की मी इन्स्ट्रुमेंटल रॉकचा भक्त वगैरे अजिबात नाही. होस्टेलवर सगळे सॅट्रियानी आणि व्हाय (दोघेही गिटारवाले) लावून बसायचे तेव्हा मी कंटाळून खाली टपरीवर जायचो, म्हटलं बोटांची कसरत आहे, ज्यांना आवडते त्यांना आवडो. आत्ताही याच अ‍ॅरिस्टोक्रॅट्सचा स्टुडिओ अल्बम लावला की तिसऱ्या गाण्याला माझा हात गाणं पुढे ढकलायला जातो. पण तेच गाणं लाइव्ह, दुप्पट लांबीचं, बारीकसारीक चुकांसकट, आणि मी जागचा हलत नाही. रश या तिघांच्याच कॅनेडियन बँडच्या ला व्हिला स्ट्रँजियाटो या बिनशब्दांच्या गाण्याचंही तेच, १९७८ च्या अल्बमवरचं ऐकून ठीक आहे म्हणतो आणि स्टेजवरचं ऐकलं की अंगावर काटा.

पहिल्यांदा वाटलं, हात कसे फिरतात ते दिसतं म्हणून असेल. पण डोळे मिटून ऐकलं तरी तसंच होतं. दुसरी शंका, तीनच माणसं असण्याशी काही संबंध आहे का? कारण पाच जणांचे बँडसुद्धा इतकंच अवघड वाजवतात, तिथे मला हे होत नाही. वाजवणाऱ्यांनी जरा उलगडून सांगा. फक्त "कारण ते लय भारी वाजवतात" हे नको, भारी वाजवणारे इन्स्टावर ढिगाने पडलेत.

बेसवाला_डोंबिवली

तीनच असण्याशीच संबंध आहे, आणि हे मी बेस वाजवतो म्हणून नाही सांगत. (थोडं म्हणून सांगतोय.)

असं बघा, चार-पाच जणांच्या बँडमध्ये गिटारवाला सोलो घ्यायला निघाला की मागे दुसरी गिटार नाहीतर कीबोर्ड कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) धरून बसलेला असतो. सोलोवाला कितीही भरकटला तरी गाणं जागेवर असतं. ट्रायोत, म्हणजे तिघांच्या बँडमध्ये, गिटारवाल्याने कॉर्ड सोडली की खाली फक्त बेस आणि ड्रम्स, म्हणजे आपण आत्ता कुठल्या कॉर्डवर आहोत हे सांगणारा एकच माणूस उरला, तोही चार जाड तारांवर. मधला सगळा पट्टा, जिथे एरवी रिदम गिटार भरलेली असते, तो एकदम मोकळा पडतो. तुम्हाला नाव देता येवो न येवो, हे भोक कानाला कळतं. मग पुढची तीन-चार मिनिटं तिघं मिळून ते भोक कसं बुजवतात, किंवा मुद्दाम उघडं ठेवतात, त्यात सगळी मजा आहे.

बुजवायच्या युक्त्याही बऱ्याच. बेसवाला आवाजाला थोडी डिस्टॉर्शन लावतो, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करतो, की बेस रुंद होऊन गिटारच्या जागेत शिरतो. नुसता मूळ सूर न धरता वरच्या तारांवर दोन-दोन सूर एकत्र घेतो, म्हणजे अर्धी कॉर्ड तिथेच झाली. ड्रमर हाय-हॅट (झांजांची जोडी) उघडी ठेवतो नाहीतर राइड या मोठ्या झांजेवर जातो, त्या खणखणाटाने वरचा भाग भरतो. रशचा गेडी ली तर हाताने बेस, पायाने मूग कंपनीच्या टॉरस पेडल सिंथेसायझरच्या पट्ट्या दाबून खालचे सूर, मधेच कीबोर्ड, वर गाणंही गायचं, माणूस आहे का काय. आणि गिटारवाला शहाणा असेल तर सोलोच्या मधे एखादी मोकळी तार वाजती ठेवतो, अर्धी कॉर्ड टाकून पळतो, की ऐकणाऱ्याला वाटत राहतं कॉर्ड चालूच आहेत. याला एरिक जॉन्सन ऐका. जी३ नावाचा तीन गिटारवाल्यांचा १९९६ चा दौरा होता ना, सॅट्रियानी-व्हाय-जॉन्सन, त्याचा लाइव्ह अल्बम १९९७ ला आला. त्यात जॉन्सनच्या मागे फक्त रॉस्को बेकचा बेस आणि ब्रॅनेन टेम्पलचे ड्रम्स. त्यातलं मॅनहॅटन लावा, एकच गिटार वाजतेय यावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, स्टुडिओत कंटाळा का. कारण स्टुडिओत ते भोक नसतं! गिटारवाला आधी रिदम वाजवून ठेवतो, त्यावर अजून एक थर, मग त्यावर सोलो. तीन माणसांचा बँड पण ऐकू येतात पाच-सहा. सॅट्रियानीचा सर्फिंग विथ द एलियन (१९८७) घ्या, ज्याला कंटाळून तुम्ही टपरी गाठायचात. त्यात बरंचसं त्यानेच एकट्याने थरावर थर देऊन केलंय, बेससुद्धा, आणि ड्रम मशीनही आहे. सुंदर आहे, पण एकटा माणूस स्वतःशी बोलतोय. त्याच अल्बममधलं आइस ९ पुढच्याच वर्षीच्या ड्रीमिंग #११ वर लाइव्ह आहे, सॅन दिएगोमध्ये स्टू हॅम बेसवर, जोनाथन मूव्हर ड्रम्सवर. दोन्ही एकापाठोपाठ ऐका आणि सोलो सुरू झाला की गिटारकडे लक्षच देऊ नका, खाली काय चाललंय ते ऐका.

जुना_भिडू_गिरगाव

डोंबिवलीकरांशी सहमत, पण तुम्ही पोरं सगळं १९८७ पासून सुरू करता. भोक म्हणा की काय म्हणा, क्रीमने ते १९६६ ते ६८ मध्ये स्टेजवर उघडं करून दाखवलं. क्लॅप्टन गिटारवर, जॅक ब्रूस बेसवर, जिंजर बेकर ड्रम्सवर. व्हील्स ऑफ फायर हा १९६८ चा डबल अल्बम, एक रेकॉर्ड स्टुडिओची आणि एक लाइव्ह. त्यावर लिहिलंय फिलमोरला लाइव्ह, पण प्रत्यक्षात फिलमोरचं त्यात फक्त टोड हे एक गाणं, बाकीची तीन विंटरलँडची, दोन्ही हॉल सॅन फ्रान्सिस्कोतलेच.

क्रॉसरोड्स त्यातलंच. त्यात गाणं आहे हे मान्य, पण ते निमित्तमात्र. सव्वाचार मिनिटांत दोन सोलो, आणि दुसऱ्या सोलोत ब्रूस बेसवर जे करतो ते साथ या प्रकारात बसतच नाही, तोही सोलोच घेतोय, बेकरही घेतोय, तिघं एकाच वेळी सुटलेत आणि तरी बाराव्या बारनंतर (बार म्हणजे तालाचा एक खंड) बरोबर पहिल्यावर येतात. येतात असं आपण समजतो. कारण क्लॅप्टनने नंतर मुलाखतीत सांगितलं होतं की त्याला ते रेकॉर्डिंग आवडत नाही आणि बहुतेक आम्ही तिथे चुकलो होतो. जगभरचे गिटारवाले ती चूक सुरासुराने पाठ करून बसलेत!

क्लॅप्टनचाच दुसरा किस्सा, की एका कार्यक्रमात तो मधेच वाजवायचा थांबला आणि बाकीच्या दोघांच्या लक्षातच आलं नाही. तेव्हा आजच्यासारखे वाजवणाऱ्यांना एकमेकांचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्टेजवर कुठे होते, मागे मार्शल अ‍ॅम्पची भिंत, ब्रूस आवाज वाढवणार म्हणून क्लॅप्टन वाढवणार, बेकर दोघांवर चिडून अजून जोरात हाणणार. त्यात ब्रूस आणि बेकर यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं. दोन-अडीच वर्षांत फुटले यात नवल नाही, टिकले एवढे हेच नवल. २६ नोव्हेंबर १९६८ ला रॉयल अल्बर्ट हॉलला निरोपाचा कार्यक्रम केला, मग २००५ ला त्याच हॉलमध्ये पुन्हा उभे राहिले.

आमच्याकडे हे सगळं कॅसेटवर कॅसेट भरून यायचं, तिसऱ्या-चौथ्या हाताची कॉपी, बेस तर अंदाजानेच ऐकायचा. मग धोबीतलावला रंगभवनला जाऊन इथली पोरं ऐकायची, आय-रॉक हा रॉकचा महोत्सव तिथेच सुरू झाला १९८६ ला. रंगभवनचे कार्यक्रम गेले, ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान गेलं, कानातली शिट्टी तेवढी राहिलीय.

तानपुरा_अँड_चिल

मी विरोधी पक्षात बसते, कुणीतरी बसायला हवं.

भिडूकाका, तुम्ही टोडचं नाव घेऊन सोडून दिलंत ते बरं केलंत. सोळा मिनिटांचं आहे आणि त्यातला बहुतेक वेळ एकटे ड्रम्स. एकदा पूर्ण ऐकलंय, परत ऐकायची सक्ती कुणी करू नये. या प्रकारात लोक टाळ्या सुरांना देतात का दमछाकीला देतात हे मला अजून कळलेलं नाही. बघा किती फास्ट, बघा किती वेळ. आपल्याकडेही असतात असे सतारवाले, शेवटचा जलद 'झाला' वाजायला लागला की मांडवात शिट्ट्या, नाही असं नाही.

आणि कृपा करून कुणी याला जुगलबंदी म्हणू नका, प्रत्येक धाग्यावर कुणीतरी म्हणतंच. सतार-तबल्यात एक करार असतो. सतार बाहेर गेली तर तबला ठेका धरतो, तबला सुटला तर सतार लेहरा, म्हणजे एकच फिरती धून, धरते. कोणीतरी एक घरी असतोच. तुमच्या या क्रीममध्ये तिघंही घराबाहेर! ते तुम्हाला थरारक वाटतं, मला गोंगाट वाटतो. गोवनबद्दल माझी तक्रार नाही, त्या माणसाला सूर लावता येतो, एकेक सूर ओढून मधल्या श्रुतीवर थांबवतो तेव्हा मी पण थांबते. पण तीन हुशार माणसं एकत्र आली म्हणजे आपोआप काही घडतं हे काही मला पटत नाही. ट्रिओ ऑफ डूम आठवतंय का कुणाला? जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, जॅको पास्टोरियसचा बेस, टोनी विल्यम्सचे ड्रम्स. मार्च १९७९, हवाना. कागदावर याहून मोठी तीन नावं सापडणार नाहीत. स्टेजवर जे झालं ते खुद्द मॅक्लॉफ्लिनलाच पसंत पडलं नाही, परत येऊन स्टुडिओत पुन्हा वाजवलं आणि लोकांच्या हातात ते पूर्ण रेकॉर्डिंग यायला २००७ उजाडलं.

हेंड्रिक्सचं मशीन गन मात्र काढून ठेवते बाजूला. बँड ऑफ जिप्सीज, फिलमोर ईस्ट, १९७० ची पहिली रात्र. तिथे बेसवर बिली कॉक्स आणि ड्रम्सवर बडी माइल्स ठेका सोडतच नाहीत, म्हणून हेंड्रिक्स एवढा लांब जाऊ शकतो. म्हणजे माझाच मुद्दा.

सात_अष्टमांश

ताई, ड्रमर आहे म्हणून उत्तर देणं भाग आहे. टोडबद्दल भांडणार नाही, मीही पुढे ढकलतो.

पण ठेका कुणीच धरत नाही हे बरोबर नाही हो. ठेका एकाकडे राहत नाही, तो फिरतो. बेसवाल्याने सुरांचा एक फिरता तुकडा धरला, रिफ ज्याला म्हणतो आपण, की तोच ठेका झाला, ड्रमर मोकळा. चार बारनंतर ड्रमर साध्या बीटवर आला की बेसवाला सुटला. आणि हे कुणी कुणाला सांगत नाही, कधी मान हलते, कधी भुवई, कधी तेही नाही. ऐकणाऱ्याला नेमकं कळत नाही की आत्ता घरी कोण आहे, आणि तिथेच जीव वरखाली होतो. तानसेनभाऊ, तुम्ही डोळे मिटून ऐकलं तरी धरून ठेवतं म्हणालात ना, ते बहुतेक हेच.

मोजायला उदाहरण हवं तर रशचं वायवायझेड घ्या, १९८१. टोरोंटो विमानतळाचा कोड आहे, आणि सुरुवातीचा ठोका म्हणजे तीच तीन अक्षरं मोर्समध्ये. डॅशला दोन आणि डॉटला एक धरा, वायच्या सात मात्रा, परत वायच्या सात, झेडच्या सहा. वीस मात्रांचं आवर्तन. एकदा हे ७-७-६ हातावर टाळी देत मोजलंत की ताई, तुम्हालाही त्यात सम सापडेल, पैज. पुढे मधल्या भागात एक तुकडा बेस, एक तुकडा ड्रम्स, असं आलटून पालटून येतं, अल्बमवर ते चोख आहे पण त्याच वर्षीच्या एक्झिट स्टेज लेफ्ट या लाइव्हवर मधे रशचा ड्रमर नील पिअर्टचा अख्खा सोलो घातलाय. (तो ढकलू नका, टोडसारखा नाहीये, त्याला सुरुवात-मध्य-शेवट आहे.)

आणि गायक नाही म्हणजे लोकांनी गायचं काय, असं विचारणाऱ्यांनी रश इन रिओ बघावं. नोव्हेंबर २००२, माराकाना स्टेडियम, चाळीसेक हजार माणसं. वायवायझेड सुरू होतं आणि ती सगळी माणसं शब्द नसलेली ती धून नाचत नाचत गातात. गिटारची ओळ गातात हो, स्टेडियमभर! मला ते बघून रडू आलं होतं, हसा हवं तर.

अजून एक गोष्ट कुणी काढली नाही. आजकाल बऱ्याच मोठ्या बँडचं स्टेजवरचं निम्मं सामान कॉम्प्युटरवर असतं, तंतुवाद्यं, कोरस, जादा गिटार, आणि त्याच्याबरोबर राहायला ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक. क्लिक आली की कुणालाच थांबता येत नाही, लांबवता येत नाही, आज सोलो रंगलाय तर अजून दोन फेऱ्या घेऊ असं होत नाही. नुसते तिघं असतील, कानात काही नसेल, तर लय किंचित पुढे जाते, मागे येते, शेवटची फेरी कुठली ते कुणी ठरवलेलं नसतं. ऐकणाऱ्याला क्लिक म्हणजे काय हेही माहीत नसतं पण दोन्हीतला फरक कळतो, यावर माझा ठाम विश्वास आहे.

एडिसनकर

अ‍ॅरिस्टोक्रॅट्स प्रत्यक्ष पाहिलेत म्हणून दोन शब्द. इथे अमेरिकेत ते स्टेडियममध्ये वगैरे वाजवत नाहीत, छोटे क्लब, स्टेज गुडघ्याएवढं उंच, गोवन तुमच्यापासून चार हातांवर. प्रेक्षक म्हणजे जवळपास सगळे गिटार शिकणारे पुरुष, हाताची घडी घालून त्याच्या डाव्या हाताकडे टक लावून. बायकांच्या टॉयलेटला रांग नसलेला मी पाहिलेला हा एकमेव कार्यक्रम.

पण व्हिडिओत जे पूर्ण येत नाही ते सांगतो. हे लोक प्रचंड विनोदी आहेत. बहुतेक अल्बममध्ये नऊ गाणी, प्रत्येकाची तीन, आणि ज्याचं गाणं त्याने माइकवर येऊन ते कसं सुचलं याची कहाणी सांगायची, ती कहाणी निम्म्या वेळा गाण्याइतकी लांब. स्टेजवर दाबलं की ओरडणारी रबरी डुकरं आणि कोंबड्या ठेवलेल्या असतात, आणि सवाल-जवाब रंगात आला की कुणीतरी गिटारच्या ओळीला डुकराने उत्तर देतो, तालात! एवढं वाजवता येणाऱ्या माणसांनी स्वतःला इतकं हलकं घेतलं की बघणाऱ्याचं दडपण जातं. होस्टेलातला तो श्रेडिंगचा, म्हणजे सुसाट वाजवण्याचा, कंटाळा होता ना, त्यातला निम्मा त्या गंभीर चेहऱ्यांचा असतो असं माझं मत.

त्यांचा जन्मही लाइव्हच झालाय. जानेवारी २०११, कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला वाद्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या वेळचा एक कार्यक्रम. गिटारवर खरं तर ग्रेग हाउ येणार होता, तो येऊ शकला नाही म्हणून गोवनला बोलावलं, जेमतेम तालीम करून तिघं उभे राहिले आणि त्याच वर्षी पहिला अल्बम. त्यामुळे तानसेनसाहेब, तुम्हाला त्यांचं स्टेजवरचं जास्त आवडतं यात तुमचं काही चुकत नाहीये, त्यांचे लाइव्ह अल्बमही स्टुडिओइतक्याच प्रेमाने निघतात. २०२० च्या सुरुवातीला युरोपात रेकॉर्ड केलेला फ्रीझ आहे, सगळं बंद व्हायच्या जेमतेम आधीचा. तो ऐका. आणि फास्ट गाण्यांचा शीण आला की फ्लॅटलँड्स, संथ आहे, त्यात तिघं किती कमी वाजवतात ते ऐकण्यासारखं आहे.

अर्धवट_तानसेन

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आइस ९ दोन्ही ऐकली. डोंबिवलीकर, सोलोच्या वेळी गिटारकडे दुर्लक्ष करायला सांगितलंत ते अवघड आहे पण एकदा कान खाली गेला की मग परत वर यायलाच तयार नाही, स्टू हॅम काय करतोय हे मला आधी कधीच ऐकू आलं नव्हतं. ७-७-६ सुद्धा मोजलं, दुसऱ्या फेरीत सापडलं, लोकलमध्ये मांडीवर टाळ्या देत होतो, समोरच्या काकांनी सीट बदलली.

तानपुरा ताई, तुमचा करारवाला मुद्दा मला पटला, फक्त मला तो करार मोडलेला आवडतो असं दिसतंय. बरं, आपल्याकडे असं कोण वाजवतं? मुंबई-पुण्यात ऐकता येईल असं काही?

बेसवाला_डोंबिवली

इन्स्ट्रुमेंटल म्हणाल तर पहिलं नाव ब्लॅकस्ट्रॅटब्लूज, मुंबईचा वॉरन मेंडोन्सा, आधी झिरो बँडमध्ये होता. २००७ पासून अल्बम करतोय. श्रेडिंग नाही, सगळा भर एका सुराचा टोन कसा लागतो यावर, ताईंना नक्की आवडेल. फक्त स्टेजवर बहुतेक चौघं असतात, बेव्हन फोन्सेका कीबोर्डवर. म्हणजे भोक नाही, गालिचा आहे. आदी मिस्त्रीचा बेस आणि जय रो कवीचे ड्रम्स ऐकायला मी जातोच, पण तुम्ही विचारताय ती भीती तिथे नाही, तिथे दुसरंच सुख आहे.

तानपुरा_अँड_चिल

ब्लॅकस्ट्रॅटब्लूज आवडतंच, त्याच्यावर वेगळा धागा काढा. मला असा एक ट्रायो सांगा जिथे कोणीतरी घरी असतो आणि तरी गाणारं कोणी नाही. मग मी विरोधी पक्ष सोडायचा विचार करेन.

सात_अष्टमांश

अर्थलेस. सॅन दिएगोचे, तिघंच, लाइव्ह अ‍ॅट रोडबर्न हा २००८ चा. गाणी मोजकीच आणि लांबच लांब. आयझाया मिचेलची गिटार जाते कुठच्या कुठे, पण माइक एगिंटनचा बेस एकच रिफ इतका वेळ धरतो की तुमचा लेहरा तोच, आणि ड्रम्सवर मारिओ रुबालकाबा (हा माणूस आधी व्यावसायिक स्केटबोर्डर होता, पायातला दम तिथूनच आला असावा) ठेका सोडत नाही, फक्त हळूहळू गरम करत नेतो. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल, ती आलापी समजा आणि बंद करू नका.